दादाचा ट्विन ब्लॉक आणि आजीची कवळी

दादाला पहिले तीन दिवस सहासष्ट म्हणता येत नव्हतं. स आला की जीभ प्लास्टिकवर आपटायची, लाळ ओठाच्या कोपऱ्यातून खाली यायची, मग तो चिडून गप्प बसायचा आणि मान हलवूनच हो-नाही सांगायचा. घरात लहान बहीण त्याला दादा म्हणते म्हणून आम्ही सगळेच दादा म्हणतो, तर इथंही दादाच लिहिते. साडेबारा वर्षांचा, सातवीत. मागच्या जुलैत त्याच्या तोंडात ट्विन ब्लॉक, म्हणजे मागं राहिलेला खालचा जबडा पुढं आणायच्या काढता-घालता येणाऱ्या प्लेटा, बसवला, आता एप्रिल लागला. मधल्या काळात ओळखीतल्या दोघीतिघींचे फोन आले की आमच्या पोराला पण हेच सांगितलं आहे, पोरगं राहतं का हो हे घालून, जेवतं कसं, शाळेत काय करतं. प्रत्येकीला तासभर सांगते मी, पण फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

त्याचे वरचे समोरचे दात पहिल्यापासूनच पुढं. ओठ मिटला तरी दोन दात दिसायचे, खालचा ओठ त्या दातांच्या मागं जाऊन बसायचा आणि झोपेत तोंड उघडं. गावातली पोरं काय काय म्हणायची ते मी लिहीत नाही. आमचं लक्ष नव्हतं असं नाही, पण कापसाचा हंगाम, पैसा, आणि "मोठा झाला का बसतीन बरोबर" हे ऐकत ऐकत वर्षं गेली. मग सहावीत असताना शाळेत कबड्डी खेळताना तोंडावर पडला आणि समोरच्या दाताचा कोपराच उडाला. दात असे पुढं असले की पडल्यावर पहिला मार त्यांनाच लागतो, हे मला नंतर कळलं. एका दवाखान्यात तो कोपरा भरून घेतला, तिथं विचारलं की हे दात मागं घेता येतील का, तर म्हणाले सगळे पक्के दात येऊ द्या, पंधरा-सोळाचा झाला की तार लावू. आम्ही हो म्हणून घरी आलो. ते जवळजवळ एक वर्ष गेलं, त्याची चुटपुट मला अजून आहे.

पुढं शेजारच्या एका पोरीच्या सांगण्यावरून वर्ध्याला, सावंगीच्या डेंटल कॉलेजात नेलं. आमचं गाव आर्वी तालुक्यात, सकाळच्या एसटीनं निघायचं, वर्ध्याला उतरून मग ऑटो, म्हणजे एक दिवस पूर्ण जातो. तिथल्या डॉक्टर ताईनं आधी दात पाहिलेच नाहीत, दादाला बाजूनं उभं केलं आणि चेहरा पाहिला. मग त्याला म्हणाली खालचा जबडा हळूहळू पुढं आण, समोरचे दात एकमेकांना टेकेपर्यंत, आणि ओठ मीट. त्यानं तसं केलं आणि तिनं मोबाईलवर त्याचा बाजूनं फोटो काढून दाखवला. मी पाहतच राहिले. हनुवटी दिसत होती! ओठ मिटलेले होते. ती म्हणाली दात पुढं आहेत ते थोडेच, खालचा जबडा मागं राहिला आहे जास्त, आणि हा अजून वाढीत आहे तोवरच त्याचा उपयोग करून घेता येतो. एक बाजूचा एक्सरे काढला, त्यात मानेचे मणके पण येतात, त्या मणक्यांच्या आकारावरून पोरगं वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते कळतं म्हणे. वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांत अंतर निघालं 9 मिलिमीटर, असायला पाहिजे 2 ते 3. आणि म्हणाली बरं झालं आताच आणलं, वाढ संपल्यावर हे जमत नाही, मग जबड्यासाठी ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, ट्विन ब्लॉक म्हणजे दोन वेगवेगळ्या प्लेटा, एक वरची एक खालची, ॲक्रिलिकच्या, दाताला पकडायला तारेचे हुक. दोन्हीवर मागच्या बाजूला प्लास्टिकचे जाड ठोकळे असतात आणि त्यांना जवळपास 70 अंशांचा उतार असतो. तोंड मिटलं की खालचा ठोकळा वरच्याच्या समोर येऊन बसतो, मग खालचा जबडा आपोआप पुढंच राहतो, मागं जायला जागाच नाही. एवढंच. तार ओढत नाही, मळसूत्र आवळत नाही, पोरानं तोंड मिटलं, घास गिळला, बोललं की काम चालू. म्हणून तर 24 तास घालायचा, जेवताना पण. ब्रश करताना, पोहताना आणि कबड्डीसारख्या खेळात तेवढा काढायचा. हे उपकरण स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क नावाच्या डॉक्टरनं 1977 साली काढलं आणि पहिला पेशंट होता त्यांच्याच ओळखीच्या डेंटिस्टचा मुलगा, पडून समोरचा दात मुळासकट निघालेला, तो परत बसवला पण खालचा ओठ त्या दातामागं अडकून दाताला टिकू देत नव्हता. हे वाचून दादा म्हणाला, "म्हणजे तो पण पडला होता." त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं आरशासमोर जाऊन स्वतः प्लेटा घातल्या.

आता पहिला आठवडा. खरं सांगायचं तर तोच अवघड, आणि त्यासाठी मी सगळ्यात आधी हे सांगीन की पोराला आधीच सांगून ठेवा. आम्हाला ताईनं सांगितलं होतं आणि मी घरी येताना एसटीतच त्याला परत सांगितलं, लाळ खूप येईल, तोंडाला वाटतं काहीतरी खायचं आलं, दोनतीन दिवसांत कमी होते. बोलणं बोबडं होईल. सकाळी उठल्यावर गालाजवळ, कानाच्या पुढं दुखेल, ते स्नायूंचं दुखणं आहे. मागच्या दाढा एकमेकीला टेकणार नाहीत, चावताना विचित्र वाटेल. हे सगळं झालं, जसंच्या तसं, पण त्याला माहीत होतं म्हणून तो घाबरला नाही. वैतागला मात्र खूप. उशीवर मी जुनं सुती लुगडं घडी करून टाकलं होतं, रोज सकाळी ओलं.

जेवणाचं म्हणाल तर पहिले चारपाच दिवस कण्या, वरण-भात, खिचडी, दुधात चुरलेली पोळी. कण्या आमच्याकडं कोणी आवडीनं खात नाही आताशा, पण ज्वारीच्या कण्या ताकात कालवून दिल्या तर त्यानं दोन वाट्या खाल्ल्या. मग भाकर वरणात कुस्करून. मोठा घास घ्यायचा नाही, लहान लहान तुकडे, सावकाश. दहा-बारा दिवसांनी तो सगळं खायला लागला, फक्त फुटाणे, खारका, ऊस, चिक्की असलं कडक आणि चिकट बंद. संक्रांतीच्या तिळगुळाचा मी त्याच्यापुरता मऊ वडीचा वेगळा घाणा केला. तर्रीनं आणि हळदीनं प्लेट पिवळी पडते, त्याचं मनावर घेऊ नका.

पण अवघड गेलं ते दादाला नाही, मोठ्यांना. हेच मला मुख्य सांगायचं आहे. जो येईल तो कळवळून म्हणायचा, अरे बापा काढून ठेव ना घडीभर, जेवू दे त्याले धड. पाहुणे आले की काढ, फोटो काढायचा आहे काढ, झोपताना तरी काढ. प्रेमानंच म्हणायचे सगळे, पण पोरगं मेहनतीनं सवय करून राहिलं आणि आपण दर दोन तासांनी त्याला सांगतो की हे सहन करण्यासारखं नाहीच, मग ते कशाला करीन? सासूबाई तर पहिल्या दिवशी माझ्याशी बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काऊन एवढं कोंबलं पोराच्या तोंडात? तुले काही माया हाय का नाई?" मी रडले त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

आणि त्याच सासूबाईंनी पुढं निभावून नेलं. झालं असं की तिसऱ्या रात्री दादा उठून बसला, प्लेट काढून हातात घेतलेली, जिभेखाली छिललं होतं. आजी उठल्या, त्यांची कवळी रात्री वाटीत पाण्यात असते, ती वाटी त्यांनी त्याच्यासमोर आणून ठेवली. म्हणाल्या, "हे पाय. मले बी असंच छिललं होतं इथं, महिना झाला का विसरली मी का तोंडात काही हाय म्हून." मग दोघं दिव्याखाली बसून आपापलं तोंड उघडून एकमेकांना दाखवत होती, कुठं टोचते, कुठं नाही. मीठ-पाण्याच्या चुळा त्यांनीच भरायला लावल्या. सकाळी म्हणाल्या त्याला घेऊन जा वर्ध्याला, घासून देतात ते लोक, मले दिली होती घासून. गेलो, ताईनं त्या जागची कड मशीननं दोन मिनिटांत घासली, दुखणं बंद. तर छिललं म्हणून चार दिवस काढून ठेवू नका, तेवढ्यात परत घालताना घट्ट होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दाखवून या. एक दिवस जातो खरा, वेचाईच्या दिवसांत तर जीवावर येतं, पण जा.

कवळी आणि ट्विन ब्लॉक यात एक फरक त्यांना समजवायला लागला, की आजी रात्री काढतात आणि दादाचा रात्री पण तोंडातच पाहिजे. एकदा समजलं आणि मग मला बोलायचं कामच राहिलं नाही. धुवायचं पण त्यांनीच शिकवलं, मऊ ब्रश, साधा साबण, थंड पाणी, खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवायचं म्हणजे हातातून सटकलं तरी फुटत नाही. गरम पाणी अजिबात नाही, प्लेट वाकते आणि मग बसत नाही.

बोलण्यासाठी मी एकच केलं, संध्याकाळी स्वयंपाक करताना त्याला एकसष्ट ते एकोणसत्तर म्हणायला लावायची. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, त्यात सगळे स आणि ष भरलेले. आधी हळू, मग जोरात, मग भरभर. लहानी पण सोबत म्हणायची आणि ती चुकायची जास्त, त्यानं त्याला बरं वाटायचं. मग मराठीच्या पुस्तकातला एक धडा मोठ्यानं. आठव्या-नवव्या दिवशी मी पीठ मळून राहिली होती आणि मागून एकदम स्वच्छ ऐकू आलं, सहासष्ट. मी वळून पाहिलं नाही, मुद्दामच, म्हटलं आपण कौतुक करायला गेलो तर लाजीन. पण हात थांबले होते माझे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा, लहान पोरं लाकडाचे बैल सजवून आणतात आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची जोरात म्हणायची कवनं, म्हणतात. दादाला त्याच्या आजोबांनी शिकवलेली एक झडती येते, दरवर्षी म्हणतो. या वर्षी तो जातो का नाही याची मला धाकधूक, कारण ट्विन ब्लॉक बसवून महिनाच झालेला आणि झडतीत नुसता सर्जा, शिंगं, साज. काढून जाऊ का असं त्यानं विचारलं. मी म्हटलं तुझं तू ठरव, अर्ध्या तासानं काही बिघडत नाही. तो थोडा वेळ बसला आणि तसाच गेला. दोन ठिकाणी अडखळला, एक पोट्टा हसला पण, आणि शेवटी "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" असं इतकं जोरात ओरडला की पाराजवळची सगळी माणसं त्याच्यामागं म्हणाली. त्या महादेवाच्या गजरात स नाही न एक, त्याला माहीत होतं ते.

शाळेची गोष्ट वेगळी झाली. सप्टेंबरात एक दिवस प्लेट धुताना मला तारेत अडकलेले धागे दिसले, आणि पेन्सिल शार्प केल्यावर निघतो तसा भुसा. खिशातला. विचारलं तर आधी बोलेना, मग कळलं की वाचन घेताना एक सर म्हणतात ते तोंडातलं काढ आधी, नीट बोल. तो काढून खिशात टाकायचा आणि मग दुपारपर्यंत खिशातच. मला राग आला पण चूक माझी पण होती, मी वर्गशिक्षिकेला सांगितलंच नव्हतं की हे काय आहे. दुसऱ्या दिवशी गेले, डॉक्टर ताईनं दिलेला कागद दाखवला, बाईंनी लगेच समजून घेतलं आणि सगळ्या सरांना सांगितलं. तर हे आधीच करा, बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत जा.

वरच्या प्लेटमध्ये मधोमध एक छोटा स्क्रू होता त्याला, वरचा जबडा अरुंद म्हणून तो रुंद करायला. रविवारी एकदा चावी फिरवायची. सुईएवढी चावी, बाणाच्या दिशेनं भोकात घालायची आणि ढकलायची, पुढचं भोक समोर दिसलं की थांबायचं, तो पाव फेरा. पहिल्यांदा माझा हात थरथरत होता, वाटलं पोराचा जबडाच तुटतो की काय. होत काही नाही, थोडं ताणल्यासारखं वाटतं तेवढंच. मग आम्ही कॅलेंडरवर रविवारी टिक करायला लागलो आणि तीन-चार आठवड्यांनी चावी दादाच फिरवायला लागला, मी नुसती टॉर्च धरायची. तिथून हे काम त्याचं झालं. मी "घातलं का, घातलं का" विचारणं पण तेव्हाच बंद केलं, कारण पाहिलं की मी विचारलं की तो हो म्हणायचा आणि नाही विचारलं की खरंच घालायचा.

आणि मग डिसेंबरातलं लग्न. नात्यातलंच, बाजूच्या गावात. पंगत बसली, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा, सोबतची पोरं बाजूला, दादानं प्लेटा काढल्या, कागदी रुमालात गुंडाळल्या आणि पत्रावळीच्या कडेला ठेवल्या. डबी घरी राहिलेली. जेवण झालं, पोरं उठली, वाढपी आले आणि पत्रावळी गोळा करून घेऊन गेले. दहा मिनिटांनी तो माझ्याकडं आला तेव्हा चेहरा पांढरा. काही बोलेना, नुसता तोंडाकडं बोट. मी ओरडायला तोंड उघडलंच होतं, पण त्याचे बाबा उठले, धोतर-टोपीतले, लग्नातले नवे कपडे, एक काडी घेतली आणि मांडवामागं उकिरड्यावर गेले. दादा त्यांच्या मागं. मी मोबाईलचा टॉर्च धरला. एकेक पत्रावळ उलटून पाहिली, कुत्री हाकलली, मठ्ठ्यानं भिजलेले शेकड्यानं कागदी रुमाल. ह्यांनी इतक्या महिन्यांत त्या ट्विन ब्लॉकबद्दल एक शब्द काढला नव्हता, ना बरा ना वाईट, मला वाटायचं त्यांना पटलेलंच नाही. पाऊण तासानं वरची सापडली, मग थोड्या वेळानं खालची, एक हुक वाकलेला. ह्यांनी बोअरच्या पाण्यात दोन्ही स्वच्छ धुतल्या, स्वतःच्या नव्या रुमालात बांधल्या आणि दादाच्या हातात दिल्या. म्हणाले, "घे. उद्या आपण दोघं जाऊ सावंगीले." एवढंच.

हुक सरळ होऊन यायला दोन दिवस गेले, आणि दोन दिवसांनी घातला तर घट्ट, पुन्हा गाल दुखला. तेव्हापासून नियम एकच, एक तर तोंडात नाही तर डबीत, तिसरी जागा नाही. डबी दोन घेतल्या, एक दप्तरात कायमची. भडक केशरी रंगाच्या, पत्रावळीवर पण दिसाव्यात अशा.

फेब्रुवारीत मोजलं तेव्हा 9 चं अंतर 3 वर आलं होतं. मी ताईला विचारलं की जबडा एवढा वाढला का, तर तिनं सरळ सांगितलं, जबडा थोडा, बाकी दात सरकले, दोन्ही मिळून झालं, आणि आता लगेच सोडला तर परत मागं जाऊ शकतं. आता बाजूचे दात टेकत नाहीत म्हणून दर वेळी वरच्या ठोकळ्याचं थोडं थोडं प्लास्टिक घासतात, म्हणजे खालच्या दाढांना वर यायला जागा मिळते. त्यानंतर तारा लागतील, वर्ष-दीड वर्ष. दादाला तारा लागायच्या आहेत याचं काही वाटत नाही, त्या काढता येत नाहीत म्हणजे हरवणार पण नाहीत म्हणतो.

ओठ मिटतात आता. झोपलेला असताना मी पाहते कधी कधी.

मे महिन्यात दोघं बहीण-भाऊ मामाकडं जाणार आहेत दारव्ह्याला. मामीला फोन करून सांगून ठेवलं, गरम पाण्यात नको, उन्हात गाडीच्या डिक्कीत नको, आणि काढून ठेव म्हणायचं नाही. आजींनी पिशवीत दोन्ही डब्या ठेवल्या आणि मऊ ब्रश नवीन घेतला, दादासाठी एक आणि स्वतःच्या कवळीसाठी एक.